दातेकाकांचे अडेल आकडे

दातेकाकांचं आडनाव दाते नाही. ते आमच्या कारखान्यात चाकांना दाते पाडतात, म्हणून दातेकाका. पगाराच्या कागदावर भलतंच आडनाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ते स्वतःसुद्धा मागे वळून बघणार नाहीत. मी त्यांची सख्खी मेहुणी. घरी मी त्यांना भाऊजी म्हणते, कारखान्यात बाकीच्यांसारखी दातेकाका म्हणते, आणि राग आला की काहीच न म्हणता नुसती बघते. तेवढं त्यांना पुरतं.

मी त्याच कारखान्यात स्टोअर सांभाळते. हत्यारं द्यायची, हत्यारं परत घ्यायची. कोणी काही नेलं की त्याच्या नंबरचा पितळी बिल्ला त्या हत्याराच्या खिळ्यावर लटकवायचा, हत्यार आलं की बिल्ला परत द्यायचा. माझ्याकडे तीन प्लेटांचा एक खिळा आहे. त्यावर दातेकाकांचा बिल्ला एकोणीस वर्षं लटकतो आहे. सुरुवातीला ते रोज संध्याकाळी प्लेटा परत करायचे. मग एक दिवस मीच म्हटलं, रोज रोज कशाला माझं डोकं खाता, ठेवा तुमच्या कपाटात.

ह्या प्लेटांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यामुळेच झालं. प्लेट म्हणजे हातभर नव्हे, वीतभर रुंद लोखंडी तबकडी. तिच्यावर भोकांची वर्तुळं असतात. एका वर्तुळात पंधरा भोकं, दुसऱ्यात सोळा, असं वाढत वाढत, मधले काही आकडे गाळत, तिसऱ्या प्लेटवर शेवटचं वर्तुळ एकोणपन्नास भोकांचं. चाकाला चौतीस दाते पाडायचे असले, तर एक दाता पाडून झाल्यावर चाक नेमकं किती फिरवायचं ते सतरा भोकांच्या वर्तुळावर मोजतात. एकावन्न दाते हवे असतील तर पंधराचं आणि सतराचं, अशी दोन वर्तुळं मिळून काम होतं. पण त्रेपन्न दाते म्हटलं की घोडं अडलं. त्रेपन्न भोकांचं वर्तुळ नाही, आणि त्रेपन्नाचे तुकडेही पडत नाहीत. मग बाजूला चार जास्तीची चाकं जोडा, त्यांची गणितं मांडा, अर्धा दिवस गेला.

अशा आकड्यांना दातेकाका अडेल म्हणायचे. त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून पांढऱ्या रंगाने त्या सगळ्या अडेल आकड्यांची यादी लिहिलेली होती: त्रेपन्न, एकोणसाठ, एकसष्ट, सदुसष्ट, असं करत थेट एकशे सत्तावीसपर्यंत. प्रत्येकासमोर कोणती चाकं जोडायची तेही होतं. इतर लोक कपाटाच्या दाराला आतून काय काय चिकटवतात ते मला विचारू नका. आमच्या भाऊजींनी आकडे लिहिले होते.

मग एका सकाळी नोटीस लागली, आणि तिची एकेक प्रत हातातही दिली. संगणकावर चालणारी नवीन मशीन येणार. पन्नाशी उलटलेल्या कामगारांनी आधी सहा आठवड्यांचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग करायचा, शेवटी परीक्षा द्यायची. पास होतील ते नव्या मशीनवर, नापास होतील ते पॅकिंगला.

पॅकिंग म्हणजे लाकडी खोकी. एकेक खोकं चाळीस किलोचं, आणि दिवसाला अशी शंभर उचलायची. दातेकाकांच्या कमरेचं चार वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय. भरलेल्या बादलीपेक्षा जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी ताईसमोर बजावलेलं. नोकरीची तीन वर्षं बाकी होती. पॅकिंगला गेले तर एक तर कंबर जाणार, नाही तर नोकरी. तिसरा रस्ता नव्हता.

नोटीस वाचून झाल्यावर ते स्टोअरच्या खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "तुझ्या ताईला यातलं काही बोलू नकोस."

"का?"

"ती काळजी करत बसेल. पास झालो की सांगू."

"आणि नापास झालात तर?"

"तेव्हाचं तेव्हा."

मी कबूल झाले खरी. बहिणीपासून गोष्ट लपवणं माझ्या स्वभावात नाही. ताई मला नुसती "काय गं, जेवलीस का?" म्हणाली तरी मला घाम फुटायचा.

स्टोअरसुद्धा संगणकावर जाणार होतं, म्हणून मलाही त्या वर्गात बसवलं. पण मला परीक्षा नव्हती, नुसती हजेरी. त्यामुळे मी दातेकाकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची आणि बघायची. वर्ग कँटीनच्या माळ्यावर भरायचा. पाळी सुटल्यावर दोन तास, जुने बारा संगणक, बारा कामगार, आणि समोर एक तिशीची शिक्षिका. आम्ही सगळे तिला मास्तरीणबाई म्हणायचो. आवाज इतका बारीक की यंत्रांच्या आवाजात आयुष्य काढलेल्या त्या बारा जणांना पहिला आठवडा ती काय बोलते तेच कळलं नाही. पण बाई चिवट होती. एकच गोष्ट पाच वेळा सांगायची आणि पाचव्या वेळीही चिडायची नाही. मी असते तर दुसऱ्या वेळी डस्टर फेकलं असतं.

दातेकाका एका बोटाने टाइप करायचे. आधी कीबोर्डवर अक्षर शोधायचं, ते सापडलं की त्याच्यावर बोट धरून पडद्याकडे बघायचं, मग दाबायचं. पहिले दोन आठवडे सगळं डोक्यावरून गेलं. लूप म्हणजे काय ते त्यांना समजेना. बाई सांगायची, "तेच काम परत परत करायचं, फक्त दर वेळी आकडा एकाने पुढे न्यायचा." हे मान हलवायचे आणि नंतर मला विचारायचे, "कोणतं काम?"

तिसऱ्या आठवड्यात मीच वैतागून म्हटलं, "अहो, दिवसभर दुसरं काय करता तुम्ही? हँडल फिरवायचं, दाता पाडायचा. हँडल फिरवायचं, दाता पाडायचा. चाक पूर्ण झालं की थांबायचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पडद्याकडे बघितलं. "मग असं सरळ सांगायचं ना," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पहिला लूप लिहिला. एक ते चौतीस आकडे ओळीने पडद्यावर उतरले, तेव्हा ते खुर्चीवरून उठून दोन पावलं मागे गेले आणि लांबून बघून आले. नवीन चाक कापून झालं की ते तसंच बघतात.

चौथ्या आठवड्यात बाईंनी परीक्षेचा प्रश्न सांगून टाकला. सगळ्यांना तोच: आकडा द्यायचा, आणि तो मूळ संख्या आहे की नाही ते प्रोग्रॅमने सांगायचं. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांच्याशिवाय कोणीच पूर्ण भागत नाही. बाईंनी फळ्यावर लिहायला सुरुवात केली. दोन, तीन, पाच, सात, अकरा. वर्गात कोणाच्याही चेहऱ्यावरची माशी हलली नाही. दातेकाका तर खिडकीबाहेर बघत होते. बाई लिहीत राहिली. एकेचाळीस, त्रेचाळीस, सत्तेचाळीस, त्रेपन्न, एकोणसाठ...

"एकसष्ट," दातेकाका म्हणाले.

बाई वळली. हे फळ्याकडे बघत नव्हते. डोळे मिटून कपाटाचं दार वाचत होते. "सदुसष्ट. एकाहत्तर. त्र्याहत्तर. एकोणऐंशी. त्र्याऐंशी. एकोणनव्वद."

"एक्क्याण्णव?" बाईंनी मुद्दाम विचारलं.

"छे! दिसायला अडेल आहे तो, पण नाही. सात गुणिले तेरा. दोन वर्तुळांत होऊन जातो. पुढचा सत्त्याण्णव." आणि त्यांनी एकशे सत्तावीसपर्यंत धडाधडा म्हणून दाखवले. मागे बसलेल्या लेथवाल्याने टाळ्या वाजवल्या. बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला.

"तुम्हाला तर सगळ्या मूळ संख्या पाठ आहेत!"

"ह्यांना मूळ संख्या म्हणतात होय? आम्ही अडेल म्हणतो. पण बाई, त्रेपन्नाच्या आधीचे कशाला लिहिलेत? ते अडेल नाहीत."

"सत्तेचाळीस मूळ संख्या नाही?"

"नाही. सत्तेचाळीसाची प्लेट आहे माझ्याकडे."

बाईंना काही कळेना. मग मी उठून प्लेटांची सगळी कहाणी सांगितली. ती ऐकून बाई हसली, पण थट्टेने नाही. म्हणाली, "काका, तुमच्या खणात काय आहे ते सत्तेचाळीसला कुठे माहीत आहे?" दातेकाका त्यावर गप्प बसले. पटलं म्हणून नव्हे, बाईमाणसाशी वाद नको म्हणून. माझ्याशी घालताना ही अडचण त्यांना कधी येत नाही.

आणि मग त्यांनी जो प्रोग्रॅम लिहिला, तो जगात दुसऱ्या कोणी लिहिला नसता. त्यांनी प्रोग्रॅममध्ये चक्क प्लेटा घातल्या. पंधरा, सोळा, सतरापासून एकोणपन्नासपर्यंतची सगळी वर्तुळं ओळीने टाइप केली. दिलेल्या आकड्याला एकेका वर्तुळाने भागून बघायचं, कोणीच भागलं नाही तर मूळ संख्या. चालवून बघितलं. चार टाकला. पडद्यावर आलं: मूळ संख्या आहे.

"चार कसा अडेल?" ते माझ्यावरच चिडले, जणू मीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते खिडकीशी आले ते एक कागद फडकावत. "पंधरात तीन आणि पाच लपलेत. सोळात दोन लपलाय. एकोणपन्नासात सात. सगळे आतले बाहेर काढले." अठरा वर्तुळांतून पिळून काढलेले ते पंधरा आकडे होते, दोन, तीन, पाच, सात असे सत्तेचाळीसपर्यंत. नवी यादी घातली, चार बरोबर आला, एक्क्याण्णव बरोबर आला, सत्त्याण्णव बरोबर आला. मग बाईंनी मागून वाकून सत्तेचाळीस टाकला. मूळ संख्या नाही, असं आलं. साहजिकच होतं. यादीतल्या सत्तेचाळीसाने त्याला पूर्ण भाग जात होता.

"बघा, मी म्हटलं होतं!" दातेकाका खूश.

त्यांना हे पटायला दोन दिवस लागले. प्लेट असो नाहीतर नसो, सत्तेचाळीसला सत्तेचाळीसशिवाय कोणी भागत नाही, तेव्हा तोही अडेलच. फक्त त्याचं औषध आपल्या खणात आधीपासून पडलेलं आहे. शेवटी त्यांनी एक ओळ वाढवली: आकडा आणि प्लेट एकच असतील तर ती प्लेट सोडून द्यायची. एक हा आकडा मूळ का नाही, हे तर बाईंनाच नीट सांगता येईना. दातेकाकांनी ते एका वाक्यात संपवलं. "एका दात्याचं चाक नसतं. दोनच्या खालचं कोणी मागितलं तर नाही म्हणायचं." बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात ताई माझ्याकडे आली. "तुझ्या स्टोअरला जुनी बकलं पडली असतील ना गं? पट्ट्याची, रुंद. दोन दे. आणि थोडं फेल्टचं जाड कापड असलं तर बघ." मी म्हटलं, कशाला? म्हणाली, काही तरी शिवते आहे. मला वाटलं पिशवी असेल. भंगारात निघालेली दोन बकलं आणि फेल्टचा तुकडा उद्या आणून देते म्हटलं, आणि जास्त बोलायची वेळ येऊ नये म्हणून पटकन चहा टाकायला गेले.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून एक परीक्षक आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फॉर्मांची चळत, आणि सहाच्या गाडीने परत जायची घाई. ते एकेकाच्या संगणकाशी बसायचे, आपल्या कागदावरचे बारा आकडे टाकायचे, बाराही बरोबर आले की फॉर्मवर खूण करायचे. लेथवाला पास झाला. दोघे नापास झाले. त्यातला एक जिना उतरताना माझ्याकडे बघून हसला, आणि ते हसू मला अजून विसरता येत नाही.

दातेकाकांची पाळी चारला आली. मी भिंतीशी उभी होते. एक: नाही. दोन: आहे. नऊ: नाही. सत्तेचाळीस: आहे. तिथे मी श्वास सोडला. एक्क्याण्णव, सत्त्याण्णव, एकशे सत्तावीस, एकशे एकोणसत्तर, दोनशे एकवीस, एक हजार एक, एक हजार नऊ. शेवटचा दोन हजार एकवीस. नाही, त्रेचाळीसने भाग जातो, असं आलं. परीक्षकांनी फॉर्मवर खूण केली, "छान" म्हणाले आणि पुढच्या खुर्चीकडे सरकले.

झालं! माझ्या जिवात जीव आला. सहा आठवडे छातीवर बसलेलं खोकं कोणी तरी उचलून नेलं असं वाटलं. आम्ही खाली हात धुवायच्या नळापाशी गेलो. हात काही मळले नव्हते, पण काम संपलं की हात धुवायचे ही त्यांची तीस वर्षांची सवय. साबण लावता लावता ते थांबले.

"त्रेपन्न गुणिले त्रेपन्न किती?"

"मला काय विचारता? असेल काही तरी."

"कर ना."

मी खिशातला कॅल्क्युलेटर काढला. दोन हजार आठशे नऊ. त्यांनी नळ बंद केला. फेस तसाच हाताला. "माझ्या यादीत त्रेपन्न नाही," ते म्हणाले. "प्लेटा एकोणपन्नासला संपतात. हा आकडा टाकला तर प्रोग्रॅम त्याला मूळ म्हणेल, आणि तो मूळ नाही."

"मग?"

"चुकलाय प्रोग्रॅम."

मी सांगते, मला इतका राग आला होता की जीभ आवरेना. "भाऊजी, गप्प बसा. तुम्ही पास झालाय. खूण झालीय फॉर्मवर. कोण विचारणार आहे तुम्हाला दोन हजार आठशे नऊ? आख्ख्या आयुष्यात तेवढ्या दात्यांचं चाक कोणी मागितलंय?"

"मला कळलंय ना."

ते हात पुसून सरळ आपल्या मशीनपाशी गेले. आमच्या कारखान्याचा एक रिवाज आहे. प्रत्येक मशीनपाशी लाल रंगाची एक छोटी डबी असते. आपल्या हातून माल बिघडला तर आपणच त्याच्यावर लाल ठिपका द्यायचा आणि आपणच नेऊन तपासनिसाच्या टेबलावर ठेवायचा. स्वतः ठिपका दिला तर कोणी चकार शब्द काढत नाही. लपवलेला माल नंतर सापडला तर मात्र त्या माणसाकडे पुन्हा कोणी नीट काम देत नाही. दातेकाकांनी प्रोग्रॅमचा छापलेला कागद काढला, प्लेटांच्या यादीवर लाल ठिपका दिला आणि माळ्यावर चढले. मी मागून चढले. दर पायरीला मला ताईचा चेहरा दिसत होता.

परीक्षक फॉर्म गोळा करत होते. दातेकाकांनी ठिपका अजून ओला असलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांना काहीच कळेना. "हे काय?"

दातेकाकांना धड सांगता येईना, शेवटी मलाच सांगावं लागलं. इतक्या रागात मी कधी कोणाची बाजू मांडली नसेल. रिवाज सांगितला, त्रेपन्न सांगितलं. परीक्षकांनी दोन हजार आठशे नऊ टाकून बघितला. मूळ संख्या आहे, पडदा म्हणाला. त्यांनी फॉर्म पुन्हा वर काढला.

"प्रोग्रॅम चुकीचा आहे, तेव्हा मला पास देता येत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी घड्याळ बघितलं, लाल ठिपक्याकडे बघितलं. "पण शिक्का अजून मारलेला नाही. मी साडेपाचला निघणार. तोवर दुरुस्त करा. कोणी मदत करायची नाही."

पावणेपाच वाजले होते. मास्तरीणबाई ओठ आवळून खिडकीशी जाऊन उभी राहिली. दातेकाका खुर्चीत बसले आणि पहिली पंधरा मिनिटं त्यांनी एकही कळ दाबली नाही. आधी मला वाटलं, यादीत त्रेपन्न घालतील. मग लक्षात आलं, त्रेपन्न घातलं तर एकोणसाठ राहणार, एकोणसाठ घातलं तर एकसष्ट. यादी कधी पुरी व्हायची? त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ते स्वतःशीच पुटपुटले, "खणात एवढ्याच प्लेटा आहेत, म्हणून आकडे थोडेच तिथे संपतात?"

मग त्यांनी यादी पुसली. एकेक आकडा, मागून पुढे, एका बोटाने. सत्तेचाळीस गेला, त्रेचाळीस गेला, असं करत दोनपर्यंत. तीस वर्षांच्या प्लेटा पुसल्या गेल्या. त्या जागी त्यांनी लूप लिहिला. दोनापासून सुरुवात. भागून बघ. भाग गेला तर थांब आणि सांग. नाही गेला तर एकाने पुढे. आकड्याच्या एक अलीकडे पोहोचलास तर तो मूळ. सहा ओळी झाल्या. हँडल फिरवा, दाता पाडा.

सव्वापाच. परीक्षक येऊन बसले. दोन हजार आठशे नऊ: नाही, त्रेपन्नने भाग जातो. आधीचे बाराही पुन्हा टाकले, सगळे बरोबर. मग त्यांनी पिशवीतून एक छापील तक्ता काढला आणि त्यावर बघून आठ आकडी संख्या टाकली: नऊ कोटी नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे एकोणनव्वद. एंटर दाबलं.

पडद्यावर काहीच आलं नाही. दहा सेकंद झाली, वीस झाली. खालून खोकी ठोकल्याचे आवाज येत होते. "अडकलं का?" परीक्षक म्हणाले. मी पदर की रुमाल, काय ते हातात पिळत होते.

"अडकलं नाही," दातेकाका शांतपणे म्हणाले. "दाते जास्त आहेत. एकेकाला विचारत चाललाय."

मिनिट होत आलं तेव्हा अक्षरं उमटली. मूळ संख्या आहे. परीक्षकांनी तक्त्यावर बोट ठेवून बघितलं आणि मान डोलावली. "बरोबर. पण काका, अर्ध्यापर्यंत गेला असता तरी चाललं असतं. खरं तर अर्ध्याच्याही बरंच अलीकडे थांबता येतं."

"ते पुढच्या वेळी बघू. आज कोणी सुटायला नको होतं."

त्यांनी फॉर्मवर शिक्का मारला. मास्तरीणबाई खिडकीशी उभी राहून उघड उघड डोळे पुसत होती. दातेकाका उठले, दोन पावलं मागे गेले आणि लांबून पडद्याकडे बघून आले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता सांगू तुझ्या ताईला."

आम्ही चालत घरी गेलो. वाटेत मी त्यांना मनसोक्त झापलं, आणि ते ऐकून घेत होते, हसत होते. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. ताईने दार उघडलं. भाऊजींनी चपला काढायच्या आधीच सांगायला सुरुवात केली, "ऐक, कारखान्यात एक परीक्षा होती—"

"पास झालात का?" ताई म्हणाली.

"मी काही बोलले नाही हं," मी भाऊजींना म्हटलं.

"नोटीस तुमच्या शर्टाच्या खिशात होती," ताई म्हणाली. " पाचेक आठवडे झाले. धुवायला टाकताना सापडली. मागच्या बाजूला तुम्ही आकडे लिहिले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत, म्हणून. पास झालात का ते सांगा आधी."

"झालो."

ताई आत गेली आणि काही तरी घेऊन बाहेर आली. कमरेचा पट्टा होता. जाड कापड, आतून फेल्टचे थर, आणि समोर माझ्या स्टोअरची दोन बकलं. खोकी उचलणाऱ्याच्या कमरेला आधार द्यायला असतो तसा. तिने तो भाऊजींच्या कमरेभोवती धरून बघितला. अगदी नेमका बसला.

"छान झालाय," भाऊजी म्हणाले. "राहू दे."

"कशाला राहू दे? घरात दिसायला नको मला तो." ती खाली बसली, कात्री घेतली आणि उसवायला लागली. उसवता उसवता रडत होती आणि हसतही होती. मला म्हणाली, तुझी बकलं उद्या घेऊन जा. मी तिच्या मदतीला बसले, पण शिवण काही केल्या सुटेना. तिने एकही टाका सैल घातला नव्हता.